स्वयंचलित अग्निशमन तुषार यंत्रणा

स्वयंचलित अग्निशमन तुषार यंत्रणा ही इमारतीत लागलेली आग माणसाच्या मदतीवाचून ओळखणारी, तिच्यावर पाण्याचे तुषार सोडणारी आणि त्याच वेळी धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा होय. छताजवळून नेलेले पाण्याचे नळ, त्या नळांवर ठराविक अंतराने बसवलेली बंद तोंडे आणि दाबाखालील पाण्याचा अखंड पुरवठा ही तिची तीन मुख्य अंगे आहेत. या तोंडांना व्यवहारात ‘स्प्रिंकलर’ म्हणतात व या लेखातही हाच शब्द वापरला आहे. शेतीतील तुषार सिंचनाशी या यंत्रणेचे साम्य नावापुरतेच आहे. सिंचनात पाणी सोडले की जोडलेली सर्व तोंडे एकदम सुरू होतात. येथे मात्र प्रत्येक स्प्रिंकलर स्वतंत्रपणे बंद असतो आणि त्याच्या स्वतःच्या भोवतालची हवा ठराविक तापमानापर्यंत तापली तरच तो उघडतो.

आग लहान असतानाच तिच्यावर पाणी पडावे, हा या यंत्रणेचा हेतू आहे. तिची रचना साधी असल्यामुळे ती सहसा बिघडत नाही. ती अपयशी ठरते तेव्हा बहुधा पाणीच तिच्यापर्यंत पोहोचलेले नसते. कोणीतरी झडप बंद केलेली असते किंवा पंप बंद ठेवलेला असतो. त्यामुळे यंत्रणा बसवण्याइतकेच ती चालू स्थितीत राखण्याला महत्त्व आहे.

कार्यतत्त्व

आगीतून निघणारे उष्ण वायू हलके असल्याने स्तंभासारखे वर चढतात, छताला आदळतात आणि छताखाली पातळ थराच्या रूपाने चहूकडे पसरतात. म्हणून खोलीत आगीची झळ सर्वांत आधी छताजवळ पोहोचते. स्प्रिंकलर सामान्यतः छताखाली सुमारे २५ ते ३०० मिलिमीटर अंतरात बसवतात, ते याच कारणाने. छतापासून फार खाली बसवलेला स्प्रिंकलर उष्ण थराच्या बाहेर राहतो आणि उशिरा उघडतो.

उघडलेल्या स्प्रिंकलरमधील पाणी तीन प्रकारे काम करते. पहिले काम उष्णता शोषण्याचे. एक किलोग्रॅम पाणी २० अंश सेल्सियसपासून उकळबिंदूपर्यंत तापण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, तर त्याची पूर्ण वाफ होण्यास आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. म्हणजेच पाण्याची खरी शमनशक्ती वाफ होण्यात आहे. मिनिटाला ८० लिटर पाणी देणाऱ्या एका स्प्रिंकलरचे सर्व पाणी वाफेत रूपांतरित झाले, तर ते सुमारे साडेतीन मेगावॅट इतकी उष्णता हरण करील. प्रत्यक्षात बरेचसे पाणी वाफ न होता खाली पडते, तरीही लहान आगीच्या मानाने ही क्षमता मोठी आहे. दुसरे काम वाफेचे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि ज्वाळांजवळची प्राणवायूयुक्त हवा काही अंशी बाजूला सारली जाते. तिसरे काम आगीच्या आसपासचे सामान भिजवण्याचे. भिजलेले लाकूड, कापड वा कागद सहजी पेट घेत नाही, त्यामुळे आग जेथल्या तेथे कोंडली जाते. पुष्कळदा यंत्रणा आग पूर्णपणे विझवत नाही, ती आटोक्यात ठेवते, आणि उरलेले काम अग्निशमन दल पार पाडते.

स्प्रिंकलरची रचना

स्प्रिंकलरमध्ये नळाला जोडलेले छिद्र, ते बंद करणारे बूच, बुचाला दाबून धरणारा उष्णतासंवेदी भाग, या सर्वांना आधार देणारी धातूची चौकट आणि पाणी पसरवणारी दातेरी चकती एवढेच भाग असतात. उष्णतासंवेदी भाग मुख्यतः दोन प्रकारचा असतो.

काचेची कुपी: बंद कुपीत ग्लिसरीनवर आधारित रंगीत द्रव भरलेला असतो आणि त्यात हवेचा एक लहान बुडबुडा मुद्दाम राखलेला असतो. तापमान वाढू लागले की द्रव प्रसरण पावतो व बुडबुडा आकसतो. बुडबुडा नाहीसा झाल्यावर द्रवाला जागाच उरत नाही, आतील दाब झपाट्याने वाढतो आणि कुपी फुटते. आधार गेल्यामुळे पाण्याच्या दाबाने बूच बाहेर फेकले जाते, पाण्याचा झोत चकतीवर आदळतो आणि छत्रीच्या आकारात पसरतो.

वितळणारा सांधा: दोन धातूपट्ट्या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेल्या असतात. अशा मिश्रधातूंत बिस्मथ, शिसे, कथील, कॅडमियम यांसारखे धातू असतात. सांधा वितळला की पट्ट्या सुटतात आणि बूच मोकळे होते.

कुपीतील द्रवाच्या रंगावरून स्प्रिंकलर कोणत्या तापमानाला उघडेल ते ओळखता येते:

नारिंगी: ५७ अंश सेल्सियस
लाल: ६८ अंश सेल्सियस
पिवळा: ७९ अंश सेल्सियस
हिरवा: ९३ अंश सेल्सियस
निळा: १४१ अंश सेल्सियस
जांभळा: १८२ अंश सेल्सियस
काळा: २२७ अंश सेल्सियस व त्यापुढे

त्या जागेत एरवी जास्तीत जास्त जेवढे तापमान संभवते, त्याहून सुमारे ३० अंश अधिक तापमानाचा स्प्रिंकलर निवडण्याचा संकेत आहे. म्हणून कार्यालये, दुकाने व निवासी इमारतींत बहुधा लाल कुपी दिसते, तर भट्टी किंवा बाष्पित्र यांच्या जवळ वरच्या तापमानाच्या कुप्या वापरतात.

उघडण्याचे तापमान आणि उघडण्यास लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५ मिलिमीटर व्यासाची कुपी तापण्यास अधिक वेळ घेते, तर ३ मिलिमीटर व्यासाची बारीक कुपी लवकर तापते. दोन्ही ६८ अंशांच्याच असल्या तरी बारीक कुपीचा ‘शीघ्र प्रतिसादी’ स्प्रिंकलर आधी उघडतो. जेथे माणसे राहतात वा झोपतात तेथे हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

बसवण्याच्या पद्धतीनुसार स्प्रिंकलर खाली लोंबणारे, वर तोंड केलेले, भिंतीवरचे आणि छतात लपवलेले असे असतात. लपवलेल्या प्रकारात खाली एक झाकण दिसते. ते स्प्रिंकलरपेक्षा कमी तापमानाला सुटून पडते. अशा झाकणावर किंवा स्प्रिंकलरवर रंग चढवणे धोक्याचे असते, कारण रंगाच्या थरामुळे झाकण चिकटून राहते अथवा कुपी उशिरा तापते.

पाणीपुरवठा व नियंत्रण

यंत्रणेसाठी राखीव टाकी, पंप, मुख्य नियंत्रण झडप, उभे नळ, मजल्यांवरील मुख्य नळ आणि फांद्यांसारखे उपनळ अशी मांडणी असते. पंपघरात साधारणतः तीन प्रकारचे पंप असतात. नळांतील किरकोळ गळतीने दाब थोडा उतरला तर तो भरून काढणारा छोटा पंप ‘जॉकी पंप’ म्हणून ओळखला जातो. स्प्रिंकलर उघडून दाब बराच उतरला की विजेवरचा मुख्य पंप आपोआप सुरू होतो. वीज गेल्यास डिझेलवर चालणारा राखीव पंप त्याची जागा घेतो. मुख्य पंप आपोआप सुरू होत असला तरी तो आपोआप बंद होऊ नये अशी योजना केलेली असते. आग विझल्याची खात्री करून माणसानेच तो बंद करावयाचा असतो.

मुख्य नळावर इशारा देणारी झडप असते. एरवी तिची पाकळी दोन्ही बाजूंच्या दाबामुळे मिटलेली असते. स्प्रिंकलर उघडला की पुढच्या बाजूचा दाब कमी होतो, पाकळी उचलली जाते, पाणी पुढे वाहू लागते आणि त्यातील थोडेसे पाणी बाजूच्या नळीतून जाऊन एक छोटे जलचक्र फिरवते. त्या चक्राला जोडलेला हातोडा घंटेवर आदळतो. ही घंटा केवळ पाण्याच्या जोरावर वाजते, तिला वीज लागत नाही. दाबातील क्षणिक चढउतारांमुळे ती उगाच वाजू नये म्हणून वाटेत एक छोटे पात्र ठेवतात. ते भरल्यावरच पाणी जलचक्रापर्यंत जाते. यांखेरीज प्रत्येक मजल्यावर पाण्याचा प्रवाह ओळखणारा विद्युत खटका बसवतात, त्यामुळे आग कोणत्या मजल्यावर आहे ते नियंत्रण कक्षात कळते.

इमारतीबाहेर अग्निशमन दलासाठी जोडतोंड ठेवलेले असते. इमारतीतील पंप निकामी झाले तरी बंबातून याच तोंडाद्वारे यंत्रणेत पाणी भरता येते.

प्रकार

ओली यंत्रणा: नळांत सदैव दाबाखालील पाणी भरलेले असते. स्प्रिंकलर उघडताच पाणी पडू लागते. सर्वांत साधा, स्वस्त व विश्वसनीय असा हा प्रकार असून भारतासारख्या उष्ण प्रदेशात तोच मुख्यतः वापरला जातो.

कोरडी यंत्रणा: शीतगृहे किंवा हिवाळ्यात नळांत बर्फ होण्याची भीती असलेल्या जागा यांसाठी. नळांत दाबाखालील हवा असते. स्प्रिंकलर उघडल्यावर हवा निघून जाते, मगच पाणी येते. हा विलंब हीच तिची उणीव होय.

पूर्वक्रिया यंत्रणा: संग्रहालये, ग्रंथसंग्रह, संगणक कक्ष अशा ठिकाणी अपघाताने पाणी पडणे परवडत नाही. येथे धूर वा उष्णता ओळखणाऱ्या वेगळ्या उपकरणाने इशारा दिल्याशिवाय नळांत पाणी येत नाही, आणि स्प्रिंकलर उघडल्याशिवाय ते बाहेर पडत नाही.

महापूर यंत्रणा: सर्व तोंडे कायम उघडी असतात आणि वेगळ्या संवेदकाच्या इशाऱ्यावर मुख्य झडप उघडून एकाच वेळी सर्वत्र पाणी पडते. ज्वलनशील द्रवांचे साठे, विद्युत रोहित्रे अशा झपाट्याने आग पसरणाऱ्या ठिकाणी ती वापरतात.

आराखडा व गणित

स्प्रिंकलरमधून मिळणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सर्वसाधारण स्प्रिंकलरचा प्रवाहांक ८० धरला जातो. म्हणजे १ बार दाबाला तो मिनिटाला ८० लिटर पाणी देतो. ०.५ बार दाबाला सुमारे ५७ लिटर, तर ४ बार दाबाला १६० लिटर पाणी मिळते. पाणी दुप्पट हवे असेल तर दाब चौपट लागतो.

जागेतील ज्वलनशील सामानानुसार सौम्य, मध्यम व तीव्र असे धोक्याचे वर्ग पाडतात. एका स्प्रिंकलरने जास्तीत जास्त किती क्षेत्र सांभाळावे, ते त्यानुसार ठरते: सौम्य धोक्यासाठी सुमारे २१, मध्यम धोक्यासाठी १२ आणि तीव्र धोक्यासाठी ९ चौरस मीटर. पाण्याची घनता पावसाप्रमाणेच मिलिमीटरमध्ये मोजतात. मध्यम धोक्याच्या जागेसाठी मिनिटाला ५ मिलिमीटर ही घनता धरली, तर १२ चौरस मीटर सांभाळणाऱ्या स्प्रिंकलरला मिनिटाला ६० लिटर पाणी द्यावे लागते. तासाला हे प्रमाण ३०० मिलिमीटर होते. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. स्प्रिंकलरखाली पडणारे पाणी त्याच्या तिप्पट दराचे असते, मात्र ते केवळ आगीच्या जागीच पडते.

सर्वच्या सर्व स्प्रिंकलर एकदम उघडतील असे गृहीत धरून पाणीपुरवठा आखला जात नाही. धोक्याच्या वर्गानुसार ठरवलेल्या एका मर्यादित क्षेत्रातील स्प्रिंकलर एकाच वेळी उघडतील असे मानून टाकी, पंप व नळांचे व्यास काढतात. त्यामुळे कापडाच्या दुकानाचे पुढे गोदाम झाले आणि माल छतापर्यंत रचला गेला, तर मूळ गणित कोलमडते. पाणी नीट पसरावे म्हणून चकती व मालाची रास यांत किमान सुमारे ४५० मिलिमीटर मोकळी जागा राखावी लागते.

इतिहास

लंडनमधील थिएटर रॉयल, ड्रुरी लेन हे नाट्यगृह १८०९ मध्ये जळाले. १८१२ मध्ये ते पुन्हा बांधताना विल्यम काँग्रीव्ह याच्या योजनेनुसार तेथे छिद्रे पाडलेल्या नळांची व्यवस्था करण्यात आली. ती स्वयंचलित नव्हती. आग दिसल्यावर माणसाने पाणी सोडावे लागे आणि आग एका कोपऱ्यात असली तरी नळाच्या सर्व छिद्रांतून पाणी पडे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील कापडगिरण्यांतही अशीच छिद्रांची नळव्यवस्था वापरात होती.

प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे बंद ठेवून ते उष्णतेनेच उघडावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवहारात आली. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील पियानो कारखानदार हेन्री पार्मली याने १८७४ मध्ये आपल्या कारखान्याच्या रक्षणासाठी तयार केलेला स्प्रिंकलर व्यवहारात यशस्वी ठरला. त्याच्या रचनेत वितळणारा सांधा पाण्याच्या सान्निध्यात असल्याने तो थंड राहत असे व उशिरा वितळत असे. फ्रेडरिक ग्रिनेल याने १८८०च्या दशकाच्या आरंभी सांधा पाण्यापासून अलग करून हा दोष दूर केला. मँचेस्टरच्या मॅदर अँड प्लॅट कंपनीने ग्रिनेलच्या स्प्रिंकलरचे हक्क घेऊन ते इंग्लंडातील कापडगिरण्यांत पोहोचवले. यंत्रणा बसवणाऱ्या गिरण्यांना विमा कंपन्या हप्त्यात सूट देत, हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण होते.

निरनिराळे उत्पादक नळांचे व्यास व अंतरे आपापल्या परीने ठरवत असल्याने गोंधळ होई. तो दूर करण्याच्या प्रयत्नांतून १८९६ मध्ये अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

आरंभीची कित्येक दशके ही यंत्रणा मालमत्तेच्या रक्षणाचे साधन मानली गेली. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जणांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य तरुण कामगार स्त्रिया होत्या. कारखान्यात स्प्रिंकलर नव्हते. अशा दुर्घटनांनंतर जीवितरक्षणाचे साधन म्हणून या यंत्रणेकडे पाहिले जाऊ लागले.

वन मेरिडियन प्लाझा येथील आग

फिलाडेल्फिया शहरातील वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली कार्यालयीन इमारत या यंत्रणेच्या अभ्यासात वारंवार उल्लेखिली जाते. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री २२ व्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटून आग लागली. त्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते. इमारतीची वीज गेली आणि राखीव जनित्रही उपयोगी पडले नाही. जवानांच्या नळीतोंडांना पाणी पुरवणाऱ्या दाबनियंत्रक झडपा चुकीच्या दाबावर बसवलेल्या असल्याने पुरेसा झोत मिळेना. तीन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. इमारत कोसळण्याच्या भीतीने अखेर जवानांना बाहेर काढण्यात आले.

मजल्यामागून मजला पेटत आग ३० व्या मजल्यावर पोहोचली. या मजल्यावर मात्र स्प्रिंकलर बसवलेले होते. तेथे दहा स्प्रिंकलर उघडले, बाहेरच्या बंबांनी जोडतोंडातून त्यांना पाणी पुरवले आणि आग तेथेच थांबली. सुमारे १९ तास आठ मजले जाळत आलेली आग दहा स्प्रिंकलरनी अडवली. इमारत पुढे पाडून टाकण्यात आली. एका बाजूस यंत्रणेचे सामर्थ्य आणि दुसऱ्या बाजूस चुकीच्या झडपांमुळे झालेला घात, असे दोन्ही धडे या एकाच घटनेत आहेत.

भारत व महाराष्ट्र

भारतात स्प्रिंकलर यंत्रणेचा आराखडा व उभारणी यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५१०५ हे मानक आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील चौथा भाग अग्नी व जीवितसुरक्षेला वाहिलेला आहे. इमारतीची उंची, तळघर, वापर व क्षेत्रफळ यांनुसार स्प्रिंकलर कोठे आवश्यक आहेत, ते त्यात दिले आहे. संहितेतील तरतुदी राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या नियमांद्वारे बंधनकारक होतात.

महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू आहे. या अधिनियमानुसार अग्निसुरक्षेची साधने बसवण्याची व ती सदैव सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर अथवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत ही जबाबदारी व्यवहारात संस्थेच्या कार्यकारी समितीवर येते.

प्रचलित गैरसमज

एक स्प्रिंकलर उघडला की सगळे उघडतात: चित्रपटांतून रुजलेला हा समज आहे. महापूर यंत्रणा वगळता प्रत्येक स्प्रिंकलर स्वतंत्रपणे उघडतो. अमेरिकेतील पाहण्यांनुसार स्प्रिंकलर चाललेल्या आगींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आगींत एकच स्प्रिंकलर उघडलेला आढळतो.

धुराने स्प्रिंकलर सुरू होतात: उदबत्ती, फोडणी वा सिगारेट यांच्या धुराने स्प्रिंकलर उघडत नाही. त्याला तापमान लागते. धूर ओळखणारे उपकरण वेगळे असते व ते केवळ इशारा देते.

आगीपेक्षा पाण्यानेच अधिक नुकसान होते: एक स्प्रिंकलर मिनिटाला साधारण ६० ते १०० लिटर पाणी सोडतो. अग्निशमन दलाच्या मोठ्या नळीतून मिनिटाला कित्येक शे लिटर पाणी पडते, तेही आग बरीच पसरल्यानंतर.

मर्यादा

पेटलेल्या स्वयंपाकाच्या तेलावर पाणी पडल्यास तेल उडून आग पसरते. म्हणून हॉटेलांतील तळणीच्या जागी वेगळी शमन यंत्रणा लागते. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या पाण्याशी तीव्र अभिक्रिया करणाऱ्या धातूंच्या साठ्यावर स्प्रिंकलर चालत नाहीत. धुमसणाऱ्या आगीत पुरेशी उष्णता निर्माण होण्यापूर्वीच विषारी धूर साठू शकतो, त्यामुळे धूर ओळखणारी उपकरणे व मोकळे जिने यांची जागा स्प्रिंकलर घेऊ शकत नाहीत.

देखभाल

अमेरिकेतील नोंदींनुसार, स्प्रिंकलर उघडण्याइतकी मोठी आग लागली असता दहांपैकी सुमारे नऊ वेळा यंत्रणा चालते. जेथे ती चालली नाही, तेथे यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली असणे हे सर्वांत मोठे कारण आढळते. दुरुस्तीसाठी झडप मिटली जाते आणि पुन्हा उघडण्याचे राहून जाते. गळतीची तक्रार आली म्हणून पाणी तोडले जाते. किंवा पंपाचा खटका ‘स्वयंचलित’वरून काढून ठेवला जातो. बाहेरून पाहता नळ तसेच असतात, लाल कुप्या तशाच चमकत असतात, पण नळांत पाणी नसते.

म्हणून मुख्य झडप उघड्या स्थितीत साखळी व कुलूप लावून ठेवतात, तिच्यावर ‘उघडी’ अशी पाटी असते, आणि ती मिटल्यास नियंत्रण कक्षात इशारा मिळेल अशी सोय करतात. नियमित तपासणीत झडपांची स्थिती, दाबमापकांवरील दाब, टाकीतील पाण्याची पातळी, दोन्ही मुख्य पंप आपोआप सुरू होतात की नाही, आणि डिझेल पंपाचे इंधन व बॅटरी पाहावी लागते. नळाच्या टोकाशी असलेली चाचणीची तोटी उघडल्यावर एका स्प्रिंकलरइतके पाणी वाहते. तेवढ्याने घंटा वाजली आणि पंप सुरू झाला, तर पाणी टाकीपासून शेवटच्या टोकापर्यंत पोहोचते याची खात्री पटते. रंग लागलेले, गंजलेले अथवा द्रव गळून गेलेल्या कुपीचे स्प्रिंकलर बदलावेत. स्प्रिंकलरला कपडे, तोरणे वा पताका अडकवू नयेत. दुरुस्तीसाठी झडप मिटावी लागलीच, तर ती कोणी, केव्हा व किती वेळासाठी मिटली याची नोंद ठेवावी, त्या काळात पहारा ठेवावा, आणि काम संपताच झडप उघडल्याची नोंद त्याच वहीत करावी.